अळ्यांच्या गाडीची काच

गाडीची काच फुटली की माणूस आधी खोटं बोलतो. चिखलीत खामगाव रोडला माझं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे. तिथे उभं राहून मी आयुष्यभर हे ऐकलं. "गाडी उभी होती, आपोआप फुटली." "दार जराक जोरात लागलं, बस." एकाने तर उन्हाने तडकली म्हणून सांगितलं आणि मागच्या सीटवर अर्धी वीट पडलेली होती. मी कधी कुणाला खोडून काढलं नाही. माप घ्यायला खरंखोटं लागत नाही. आता दुकान मुलगा पाहतो आणि मी दुकानासमोर खाटेवर बसून मुलाला पाहतो. या अंकाच्या संपादकांच्या गाडीची काच मीच बसवली आहे. ती अजून गळत नाही, म्हणून माझं लिहिणंही गळणार नाही असा त्यांचा समज झालेला दिसतो.

धंद्याची थोडी ओळख करून देतो. गाडीच्या समोरच्या काचेत दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. दगड लागला की तिला जाळं पडतं, पण ती जागा सोडत नाही. ही काच कापता येते. बाजूची काच भट्टीतून काढून कडक केलेली असते. ती फुटली की खडीसाखर होते. तिला एकदा भट्टी दाखवली की पुन्हा कापता येत नाही. कापायला गेलात की तुमच्याही हातात खडीसाखर. म्हणजे जशी हवी तशी आधीच मागवावी लागते, आणि ती मोठ्या शहरातून येते तेव्हा येते.

आता पिकअपचा टप. पिकअपच्या मागच्या हौद्यावर फायबरचं बंद झाकण बसवतात, त्याला आमच्याकडे सगळे टप म्हणतात. त्याला बाजूला सरकत्या खिडक्या असतात. या टपाची काच ही काचवाल्याच्या मागच्या जन्मीच्या पापाची शिक्षा आहे. कारण टप कंपनी बनवत नाही, कुठल्यातरी शेडमधला मिस्त्री बनवतो, आणि त्या दिवशी त्याच्या मनात येईल तेवढी खिडकी ठेवतो. एकाच गाडीच्या डाव्या आणि उजव्या खिडकीचं माप जुळलं तर मी मिस्त्रीचं नाव विचारून घेत असे. असा योग फारसा आला नाही.

या टपांनी मला एक गोष्ट शिकवली. गिऱ्हाइकाला काचेचं माप विचारायच्या आधी आत काय बसतं ते विचारावं.

ते मी शिकलो नांदुऱ्याच्या एका बकरीवाल्याकडून. त्याच्या टपाची काच आतून फुटायची. बसवून दिली की पुढच्या बाजाराला परत हजर. मी मिस्त्रीला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या, शेवटी स्वतः त्याच्यासोबत बाजारात गेलो. गाडीत एक दाढीवाला बोकड होता. काचेत त्याला दुसरा दाढीवाला बोकड दिसायचा, आणि तो काही मागे हटायचा नाही. मी काचेला आतून चुन्याचा हात दिला. बोकड शांत झाला. बकरीवाला म्हणाला, "हे पह्यलेच काऊन नाई केलं?" मी म्हटलं, "तुम्ही बोकडाचं नावच काढलं नाई, भाऊ."

दुसरे शेगावला दर्शनाला जाणारे लोक. लॉजमध्ये जागा मिळत नाही म्हणून त्यांनी टपात गादी घातली होती. आत बायका झोपतात तेव्हा काळी काच लावा, असं मालक म्हणाला. लावली. दुसऱ्या आठवड्यात त्याची आत्या खुद्द दुकानात आली. "मले काई दिसत नाई बाहेरचं. मी काय तेरवीले चालली का?" शेवटी खालची अर्धी काळी आणि वरची अर्धी साधी, असा तोडगा निघाला. आत्या बसली की तिला रस्ता दिसायचा, आणि झोपली की ती कुणाला दिसायची नाही. या कामाचा मला आजही अभिमान आहे.

पण लिहायला बसलो ते वनिताताईंच्या गाडीबद्दल.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, ऊन मोठं होतं. सकाळी एक पांढरी पिकअप दुकानासमोर थांबली आणि चालवणारी बाई खाली उतरली. पस्तिशीची असेल. टपाच्या डाव्या खिडकीत काच नव्हती. रस्त्यात चहाच्या टपरीवर तिने गाडी उभी केली होती, वरच्या झाडावर वानर होतं, टपरीवाल्याने वानराला दगड मारला, असं तिने उतरताच सांगून टाकलं. वानराला मारलेला दगड आजवर वानराला लागल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या दुकानात पहिल्या वाक्यात खरं बोलणारं हे पहिलं गिऱ्हाईक, म्हणून मी उठून उभा राहिलो.

"काका, काच पाह्यजे. आत्ता. अन् सरकनारी पाह्यजे."

मी सवयीने विचारलं, आत काय आहे?

"अळ्या," ती म्हणाली.

मी आत डोकावलो. फळ्यांवर ट्रे रचलेले, ट्रेवर कागद, कागदावर ओलं कापड. खिडकीकडच्या कापडावर काचेची खडीसाखर पडली होती. तिने ते कापड चारी कोपऱ्यांनी अलगद उचलून बाहेर काढलं होतं, म्हणून एकही कण आत गेला नव्हता. एका ट्रेचा कागद तिने बाजूला केला. तांदळाच्या दाण्यांहून थोड्या मोठ्या, राखाडी अळ्या. डोकं वर करून ताठ बसलेल्या. एकही हलत नव्हती.

"ताई," मी हळूच म्हटलं, "या तं मेल्या."

"मेल्या नाई, कात टाकून राह्यल्या. या येळी खात नाई, हलत नाई. दुपारून उठतीन, अन् उठल्या की लगेच पाला लागन. त्याच्या आत उंद्रीले पोचवाच्या हायेत."

मग तिने थोडक्यात सांगितलं. रेशमाच्या अळ्या तिच्याकडे अंड्यातून निघतात. अगदी नाजूक असतात तोवर ती त्यांना तुतीचा कोवळा पाला घालून वाढवते. दुसरी कात टाकताना त्या शेतकऱ्याकडे पोचवायच्या. पुढचं शेतकरी पाहतो, कोष होईपर्यंत. उंद्रीत सीमा म्हणून एक सून होती. तिने घरच्यांशी भांडून सोयाबीनच्या जागी तुती लावली होती. तिची ही पहिलीच बॅच.

"गेल्या बॅचले एका गावात अळ्या मेल्या," वनिताताई म्हणाली. "बाजूच्या वावरात फवारनी झाली होती. पन लोक म्हनतात, या बाईच्या हातच्या अळ्या टिकत नाई. आता ह्या बी मेल्या तं माह्याकडून कोनी अळी नेनार नाई. सीमाचं तं काई सांगूच नका. तिची तुती उपटून टाकतीन घरचे."

तेव्हा मला कळलं की काच कशासाठी हवी आहे. चिखली ते उंद्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी, आणि त्या दिवसांत जिकडे पाहावं तिकडे पाठीवर पंप घेतलेली माणसं. फवारा उडतो तो अळी मारण्यासाठीच. उघड्या खिडकीतून त्याचा वास आत गेला की संपलं. प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारायचं मी सुचवलं. ते तिने आधीच करून पाहिलं होतं. ही खिडकी कायमची बंद झाली की एकट्या उजव्या खिडकीने वारा खेळत नाही, आत भट्टी होते, तेही चालत नाही. रान मोकळं असलं की उघडता आली पाहिजे, पंप दिसला की बंद करता आली पाहिजे. दुसरी गाडी करा म्हटलं, तर चिखलीतल्या झाडून सगळ्या गाड्यांनी कधी ना कधी खत किंवा औषध वाहिलेलं. म्हणजे काचच. आणि त्या मापाची कडक काच यायला पुढचा आठवडा उजाडला असता.

माझ्या मागच्या अंगणात जुन्या ट्रकची समोरची काच पडलेली होती. सपाट, आणि पापुद्र्याची, म्हणजे कापता येणारी. एका कोपऱ्याला जाळं पडलेलं, बाकीची धड. मी म्हटलं, होऊन जाईल. आणि डिंकाची नळी, थिनरचा डबा काढून टेबलावर ठेवला.

साप पाहिल्यासारखी ती मागे सरकली. "हे काय?"

"काच बसवाचं सामान."

"हे नाई चालनार, काका. वासानं मरतीन."

मी डबा आत नेऊन ठेवला. परत आलो तर ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "तुमी खर्रा खाता का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेला पदार्थ. आमच्या भागात तो जेवणाच्या आधी, जेवणाच्या नंतर आणि जेवणाच्या ऐवजी खातात. मी हो म्हटलं. गालात होताच, नाही म्हणून काय उपयोग!

"मंग तुमी टपाजवळ येऊ नका," ती म्हणाली. "तंबाखूच्या हातानं पाला देल्ला तरी अळी मरते."

मी चूळ भरली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. तिने माझे हात हुंगले, लहान मूल जेवायला बसवताना आई पाहते तसे, आणि मान हलवली. मला राग आला, हे लपवत नाही. माझ्याच दुकानात, माझ्याच हातांना बंदी. या हातांनी कलेक्टरच्या गाडीची काच बसवली होती. पण अळ्यांना कलेक्टरचं काय!

काच मी मागच्या अंगणात, वाऱ्याच्या उलट्या अंगाला कापली. दोन्ही बाजूंनी हिऱ्याच्या कलमाने रेघ मारायची, खालून हलकेच ठोकायचं, मग मधला पापुद्रा कापायचा. एरवी तिथे स्पिरिट ओतून पेटवतात, पापुद्रा मऊ पडतो. त्या दिवशी मी चहाचं पातेलं मागवून गरम पाणी ओतलं आणि पात्याने कापलं. वेळ लागला, पण कड सरळ आली. पाण्याखाली घासून धार मोडली.

पुढची अडचण खाचेची. काच ज्या अॅल्युमिनियमच्या खाचेत सरकते तिला आतून मऊ अस्तर लागतं. ही काच जरा जाड होती, म्हणून जुनं अस्तर काढावं लागणार होतं, आणि माझ्याकडचं नवं अस्तर डिंकाच्या डब्याशेजारी वर्षभर पडलेलं. मी घरी गेलो आणि बायकोची न वापरलेली लोकरीची शाल घेऊन आलो. अशी शाल कापायला नेताना नवऱ्याला काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही, सणाचा अंक आहे. वनिताताईने शाल नाकाला लावली आणि लगेच दूर धरली.

"डांबरगोळ्यात ठेवली होती?"

होती. कपाटात किडा लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्या टाकलेल्या शालीत मी किडे निजवायला निघालो होतो. मग खाटेची नवार काढली. तिला माझ्या खर्ऱ्याचा वास. मला तो कधी आला नव्हता. मी त्या खाटेवर इतकी वर्षं बसलो आहे की खाटेचा आणि माझा वास एकच झाला असणार. शेवटी शेजारच्या शिंप्याकडून कोरं मांजरपाट आणलं. त्याला फक्त खळीचा वास होता. त्याच्या घड्या घालून पट्ट्या केल्या.

आता काच बसवायची. सरकती काच आतून बसवतात. आधी वरच्या खाचेत पूर्ण वर ढकलायची, मग हळूच खालच्या खाचेत सोडायची. दिसायला सोपं, पण वर ढकलताना जरा तिरपी झाली की कोपरा गेला. आणि दुसरा तुकडा माझ्याकडे नव्हता. मी आत जाऊ शकत नव्हतो. मग ती आत चढली, पट्ट्या तिने खाचेत दाबल्या, आणि मी रस्त्याच्या पलीकडे तोंडाला रुमाल बांधून उभा राहिलो.

"वर घ्या. अजून. डावा हात वर… डावा, ताई!"

"माहा डावा का तुमचा?"

"तुमचा! आता सोडू नका. तयहाताचा जोर द्या, बोटाचा नको."

मधून एसटी गेली. एसटी जाईपर्यंत ती काच डोक्याच्या वर धरून उभी होती आणि मला काही दिसत नव्हतं. मी टाचा उंचावल्या, तरी दिसेना. एसटी गेली, आणि मी काही सांगायच्या आधी तिने काच खाली सोडली. टक् असा आवाज आला. चांगल्या काचेचा आवाज मला झोपेतही कळतो. ती बसली होती.

ती निघाली तेव्हा ऊन चढलं होतं. चालवायला ती एकटी, आणि खिडकी मागे टपाला. पंप लांबून दिसणार कुणाला आणि उतरून काच बंद करणार कधी? मी दुकानाचं शटर ओढलं, मोटरसायकल काढली आणि म्हटलं, मी पुढे जातो. फवारणी दिसली की हात वर करीन, तुम्ही मागेच थांबून काच लावून घ्या. तिने जरा विचार केला. "वारा इकडून तिकडं हाये," ती म्हणाली. "तुमी पुढं असले तं चालन." म्हणजे माझा वास मागे येत नव्हता.

अशी आमची वरात निघाली. मी हात वर करायचो, ती थांबायची, काच लावायची, पंप मागे पडला की पुन्हा उघडायची. काच सुरेख सरकत होती. उंद्रीच्या अलीकडे मात्र एक माणूस अगदी रस्त्याला लागून तुरीवर फवारत होता, आणि वारा सरळ रस्त्यावर. धुकं पडावं तसा फवारा डांबरावर येत होता. त्यातून बंद काचेनेही गाडी नेऊ नये असं मला वाटलं. मी वनिताताईला लांबच थांबवलं आणि बांधावर गेलो.

"भाऊ, जराक पंप बंद करता का? मागून गाडी येऊन राह्यली."

"मंग येऊ दे ना. रस्ता काय माह्या बापाचा हाये?"

"गाडीत अळ्या हायेत."

त्याने पंप थांबवला नाही, फक्त तोंडावरचं फडकं खाली केलं. "कोनत्या अळ्या?"

"रेशमाच्या. उंद्रीले चालल्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. "म्हन्जे मी सकाळपासून अळ्या मारून राह्यलो, अन् तुमी मले सांगता का अळ्यांले जाऊ द्या?"

"हाव."

"बाप्पा!" तो म्हणाला. पण पंप बंद केला. पाठीवरून उतरवून खाली ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. वाऱ्याने रस्ता साफ होईपर्यंत आम्ही थांबलो. मी हात हलवला. गाडी काच लावून हळूहळू गेली. ती वळणाआड जाईपर्यंत तो पाहत राहिला. "आमच्या तुरीतल्या अळ्यांले कोनी गाडी नाई करत," एवढं म्हणून त्याने पंप पुन्हा पाठीवर घेतला.

उंद्रीला सीमाचं शेड गावाबाहेर, तुतीच्या मळ्यात. ती दारात हात धुवून उभी होती. दोघींनी ट्रे आत नेले आणि दार लावलं. बाहेर दगडावर सीमाचा सासरा बसला होता, धोतर नेसलेला म्हातारा. "तंबाखू?" त्याने मला विचारलं. मी मान डोलावली. "मले बी बंदी हाये," तो म्हणाला, आणि सरकून जागा दिली.

तुती लावायला त्याचाच सगळ्यात मोठा विरोध होता, हे त्यानेच सांगितलं. "आमी पिढ्यान् पिढ्या अळी मारली. ही पोरगी अळी पाळते." मग जरा वेळाने, "पाला सकाळी मीच पाह्यला. चांगला हाये. हात नाई लावला."

आतून काही आवाज येत नव्हता. अळ्या उठायची वेळ झाली होती. उठल्या तर पाल्याला लागतील, आणि नाही लागल्या तर त्या वाटेतच गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर तो डांबरावर येणारा फवारा होता, मांजरपाटाच्या पट्टीत कुठे फट राहिली असेल का हे होतं. काच गळते का ते पाहायला पाणी मारतात. या काचेतून काय आत गेलं ते कळायला अळ्यांशिवाय दुसरा उपाय नव्हता. म्हाताऱ्याने सवयीने खिशातली पुडी काढली, पाहिली, परत ठेवली. मला भीती वाटत होती. दुसऱ्याच्या गाडीतल्या मालासाठी मला कधी भीती वाटली नव्हती.

मग सीमाचा आवाज आला. मोठा नव्हता, जणू कुणी जागं होईल म्हणून दाबलेला. "बाबा… खाऊन राह्यल्या."

म्हातारा उठला, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थांबला. मीही मागे गेलो. सीमाने दार थोडं उघडलं आणि म्हणाली, "इथूनच पाहा. आत नाई." पांढऱ्या कागदावर हिरवा पाला पसरला होता आणि त्यावर त्या राखाडी अळ्या हलत होत्या. पानाची कड हळूहळू मागे जात होती. वनिताताई ट्रेपाशी उकिडवी बसली होती आणि डोळे पुसत होती. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना.

म्हाताऱ्याने धोतराचा सोगा तोंडावर धरला होता, मी रुमाल. आमचा श्वास त्यांना लागू नये म्हणून आम्ही दोघंही तो कोंडून उभे होतो. फारच जड झालं की पाळीपाळीने मागे मळ्यात जायचो, मोकळ्या रानात श्वास सोडायचो, नवा भरून घ्यायचो आणि पुन्हा दाराशी येऊन उभे राहायचो.